जंगलातला मुक्काम : जमीन कुणाची, परवानगी कुणाची

कोलशेतला खाडीकाठी गेल्या काही वर्षांत उंच टॉवर उभे राहिले. त्यांच्या वरच्या मजल्यांवरून पश्चिमेला पाहिलं, की घोडबंदर रोडच्या पलीकडे येऊरचे डोंगर आडवे पसरलेले दिसतात. हे डोंगर म्हणजेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा अर्ध्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात येतो. उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार बोरिवलीला असल्यामुळे ही गोष्ट ठाणेकरांच्याही सहसा ध्यानात येत नाही. नाताळची सुट्टी किंवा शनिवार-रविवारला जोडून आलेला 26 जानेवारी जवळ आला, की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते : नॅशनल पार्कात टेंट मिळतो का? बुकिंग कुठे करायचं? मुलांना एक रात्र जंगलात न्यायचं आहे.

येऊरपुरतं उत्तर सरळ आहे. स्वतःचा तंबू नेऊन या जंगलात रात्र काढायची मुभा सामान्य पर्यटकाला नाही. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या वाटेवर, जमल्यास वनविभागाच्या निसर्ग माहिती केंद्राच्या गटाबरोबर दिवसा हिंडता येतं. अंधार पडायच्या आत बाहेर यावं लागतं. 31 डिसेंबरच्या रात्री तर येऊरच्या पायथ्याशी वनविभाग आणि पोलीस दोघांचाही बंदोबस्त असतो.

पण प्रश्न येऊरपुरता नाही. महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्याशिवाय पन्नासाच्या आसपास अभयारण्यं. यांत किंवा यांच्या काठाशी रात्रीचा मुक्काम करता येतो, आणि तो रीतसर करायचा तर काय शोधायचं, कुणाला विचारायचं, हे माहीत असलेलं बरं. कारण इंटरनेटवर ‘जंगल कॅम्पिंग’ असं टाकलं की शेकडो जाहिराती समोर येतात, आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नसते : ही जमीन कुणाची?

सुरुवात कायद्यापासून केलेली बरी, कारण बाकी सगळे नियम त्यातूनच निघतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याच्या 27व्या कलमानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि हाच नियम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. परवाना कशासाठी द्यायचा ते 28व्या कलमात आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि तिथे राहणाऱ्या माणसांशी असलेला कायदेशीर व्यवहार. म्हणजे पर्यटन हे परवाना मिळवण्याचं मान्य कारण आहे, पण तो कुणाचा आपसूक हक्क नाही. पुढचं 30वं कलम जंगलाला धोका होईल अशी आग पेटवण्याला मनाई करतं. तंबूसमोर शेकोटी आणि भोवती गाणी, हे कॅम्पिंगच्या जाहिरातीतलं ठरलेलं चित्र इथेच अडतं. एप्रिल-मे महिन्यांत सागाची वाळकी पानं घोट्याएवढी साचलेली असतात, तेव्हा वनरक्षकाची निम्मी झोप वणव्याच्या काळजीत जाते. हे ज्यानं एकदा पाहिलं, तो या कलमाबद्दल तक्रार करणार नाही.

येऊरच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते चार पायांवर चालतं. 2015 साली या उद्यानात आणि लगतच्या भागात कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या अभ्यासात 35 बिबटे मोजले गेले. एवढ्या दाट वस्तीच्या शहराला टेकून एवढ्याशा जागेत इतके बिबटे असणं जगात फार क्वचित आढळतं. दिवसा ज्या पायवाटांनी माणसं चालतात, त्याच वाटा बिबटे रात्री वापरतात. 2002 ते 2004 या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं दगावली होती. पुढे 2011 मध्ये वनविभागानं अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. वस्त्यांमधला कचरा, मोकाट कुत्री, अंधारात एकट्यानं बाहेर जाणारी मुलं अशा साध्या गोष्टींवर काम झालं आणि हल्ले कमी झाले. रात्र बिबट्याची आणि दिवस माणसाचा, हा इथला समझोता मोठ्या कष्टानं बसवलेला आहे. येऊरच्या पाड्यांमधली वारली माणसं तो पिढ्यान् पिढ्या पाळत आली आहेत. शनिवारच्या रात्री तिथे चार तंबू आणि एक स्पीकर नेणं म्हणजे तो मोडणं.

‘मग अमेरिकेत कसं चालतं?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांतली मुलं कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत. उन्हाळ्यात आईवडील तिकडे गेले की एक फेरी योसेमिटीची होतेच. तिथली व्यवस्था खरोखर पाहण्यासारखी आहे. योसेमिटी दरीतल्या अपर पाइन्ससारख्या कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक जागेला क्रमांक असतो. एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं. तिथे लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि खाणं ठेवायला जाड पत्र्याची पेटी मिळते. ही पेटी अस्वलांसाठी आहे. बिस्किटाचा पुडाच नव्हे, तर टूथपेस्ट आणि साबणही तिच्यात बंद करून ठेवणं सक्तीचं असतं. गाडीत राहिलेल्या खाऊच्या वासानं अस्वल दाराची काच फोडतं.

या जागा ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावरून मिळतात. योसेमिटी दरीतल्या मोठ्या कॅम्पग्राउंडसाठी दर महिन्याच्या 15 तारखेला, तिथल्या वेळेनुसार सकाळी 7 वाजता, पाच महिन्यांनंतरच्या एका पूर्ण महिन्याचं आरक्षण खुलं होतं. उन्हाळ्याच्या तारखा काही मिनिटांत संपतात. तिथली मराठी कुटुंबं त्या दिवशी घरातले सगळे लॅपटॉप आणि फोन उघडून बसतात. जागा हुकली तर नाराज न होता पुढचे काही आठवडे रोज पाहत राहायचं, हाही तिकडचा अनुभवी सल्ला. लोक बेत रद्द करतात आणि त्या जागा परत यादीत येतात.

मात्र त्या व्यवस्थेमागे एक गृहीत आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत लोकवस्ती जवळजवळ नाही आणि उद्यानांचं क्षेत्रफळ प्रचंड आहे. एकटं योसेमिटी सुमारे 3,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या बोरिवली-येऊरच्या जवळपास 29 पट. तिथे एका दरीत माणसांना जागा दिली तरी प्राण्यांना बाकीचे डोंगर मोकळे राहतात. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात हेच गणित उलट मांडलं आहे : कॅम्पला कुंपण असतं, संध्याकाळी ठरलेल्या वेळेला फाटक बंद होतं, आणि रात्री आत राहतो तो माणूस, मोकळा असतो तो सिंह.

आपल्याकडे तंबूची कॅम्पसाइट रुजली नाही; रुजलं ते रेस्ट हाउस. इंग्रजांच्या काळात फिरतीवरच्या वन अधिकाऱ्यांसाठी जंगलात ठिकठिकाणी विश्रामगृहं बांधली गेली. कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा, मागे स्वयंपाकघर आणि खानसामा. पुढे हीच विश्रामगृहं हौशी माणसांना भाड्यानं मिळू लागली. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाला पत्र टाकायचं, उत्तराची वाट पाहायची, शिधा बरोबर घेऊन जायचं. मराठी वाचकांना जंगलाची गोडी लागली ती बरीचशी अशाच मुक्कामांमधून. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ हे पुस्तक भंडारा-गोंदियाकडच्या त्या जंगलात राहून लिहिलेलं आहे. मारुती चितमपल्ली तर वन अधिकारीच. त्यांच्या नोकरीतली कितीतरी वर्षं नवेगाव, नागझिरा, मेळघाट या जंगलांमध्ये गेली आणि त्यांचं लेखनही तिथेच पिकलं.

हे चित्र बदलायला लागलं ते 2012 साली. भोपाळच्या अजय दुबे यांनी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनाविरुद्ध याचिका केली होती. 24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गाभा क्षेत्रातलं पर्यटन हंगामी आदेशानं थांबवलं. ऑक्टोबरच्या मध्यात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. पण पर्यटनाचा साचा बदलून गेला. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन, तिथे पर्यटकांसाठी नवं बांधकाम नाही, आणि राहण्याची सोय हळूहळू बफरकडे, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या गावांकडे न्यायची, अशी ती दिशा.

आजच्या पर्यटकानं लक्षात ठेवायची गोष्ट याच बदलात आहे. ‘जंगलाच्या आत’ राहायचा हट्ट सोडला, की ठिकाणं शोधणं एकदम सोपं होतं. खरा मुक्काम आता काठावर आहे, आणि काठ मुळीच कमी प्रतीचा नाही. बफरमधल्या गावांतून वाघ फिरतात, रानडुकरं शेतात येतात, रात्री रातव्याचा आवाज अंगणातून ऐकू येतो. शिवाय तिथे राहिलं की पैसा गावात राहतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरच्या गावांना गॅस, कुंपण, रोजगार अशी मदत मिळत आली आहे. त्याच गावातला तरुण पर्यटकांचा मार्गदर्शक झाला, तर जंगल राखण्यात त्याचाही हिस्सा तयार होतो.

काठावरच्या मुक्कामाचं उत्तम उदाहरण म्हणजे नागपूरजवळचा पेंच. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधाऱ्या आकाशाचं संरक्षित ठिकाण, असा दर्जा मिळाला. भारतातलं हे असं पहिलंच. त्यासाठी केलेलं काम फार साधं आणि फार मोलाचं होतं : सिल्लारी, पिपरिया, खापा अशा काठावरच्या गावांतले रस्त्यावरचे शंभराहून अधिक दिवे बदलून, उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे दिवे लावले. ठाण्यात रात्री आभाळात जेमतेम मोजके तारे दिसतात. सिल्लारीच्या मुक्कामात अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. वाघ दिसला नाही तरी त्या रात्रीसाठी नागपूरपर्यंत जावं, इतकी ती मोलाची आहे.

दुसरं उदाहरण सह्याद्रीतलं, आणि डोंबिवली-कल्याणच्या ट्रेकर मंडळींच्या चांगल्या ओळखीचं : वासोटा. हा किल्ला कोयना अभयारण्यात, 2010 साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. किल्ल्यावर किंवा जंगलात रात्र काढायला मनाई आहे. म्हणून मुक्काम शिवसागर जलाशयाच्या अलीकडे, बामणोली-शेंबडीच्या काठावर करायचा. साताऱ्याहून कासच्या पठारावरून तिथे पोचता येतं. सकाळी बामणोलीत वनविभागाची परवानगी काढायची, बोटीनं जलाशय ओलांडायचा, गड चढून दुपारनंतर परत फिरायचं. पलीकडच्या काठावर मेट इंदवलीला चौकी आहे. तिथे पाठपिशव्या उघडायला लावतात. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे असं प्लास्टिकचं सगळं सामान मोजून घेतात, आणि परतताना तेवढंच सामान परत दाखवावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. तीन तासांनी जंगलातून चालताना वाटेवर एकही रिकामी बाटली दिसत नाही, तेव्हा त्या मोजणीचं महत्त्व कळतं.

आता प्रत्यक्ष बुकिंगकडे.

सरकारी मुक्कामाचे मुख्य दरवाजे तीन. पहिला वनविभागाचा : व्याघ्र प्रकल्पांची आणि महाराष्ट्र निसर्ग पर्यटन मंडळाची संकेतस्थळं. दुसरा वनविकास महामंडळाचा, ज्यांची मोहर्ली, बोर, पेंच अशा ठिकाणी पर्यटन संकुलं आहेत. तिसरा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एमटीडीसी. एकाच गावात तिघांचीही निवासस्थानं असू शकतात. मोहर्लीत एमटीडीसीचं पर्यटक निवास भरलेलं दिसलं म्हणून ताडोबाचा बेत सोडून देणारे लोक वनविकास महामंडळाचं पान उघडूनही बघत नाहीत.

दुसरी गोष्ट अनेकांना उशिरा उमजते : खोलीचं बुकिंग आणि सफारीचं बुकिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खोली मिळाली म्हणजे जिप्सीत जागा मिळाली असं नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक, आणि प्रत्येक फाटकातून एका फेरीला किती गाड्या सोडायच्या याचा आकडा ठरलेला असतो. म्हणून आधी सफारीच्या तारखा पाहाव्यात, मग राहायची जागा, आणि सगळ्यात शेवटी रेल्वे. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी खुलं होतं, त्यामुळे हा क्रम आता पाळताही येतो.

मेळघाटचा बेत नमुन्यादाखल घेऊ. 1974 साली, व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या तुकडीत घोषित झालेलं हे जंगल. रात्री ठाण्याहून किंवा कल्याणहून अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी अमरावती. तिथून परतवाडा, आणि पुढे घाटरस्त्यानं सेमाडोह किंवा सिपना नदीकाठचं कोलकास. अकोल्याच्या बाजूनं गेलं तर नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचं शहानूर. खोल्या, झोपड्या आणि डॉर्मिटरी अशी सोय. बुकिंग करताना प्रत्येक माणसाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो. तारीख खुली होण्याच्या दिवशी ही माहिती शोधत बसलं, की तेवढ्यात खोली दुसऱ्याची होते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक आधीच एका कागदावर लिहून ठेवावेत. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरावं. जाताना तेच ओळखपत्र मूळ प्रतीत हवं आणि पावती छापून घ्यावी, कारण मेळघाटात मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, आणि फोनमधली पावती फाटकावर उघडलीच नाही तर वाद घालून काही उपयोग नसतो.

सफारीचं बुकिंग किती दिवस आधी खुलं होतं, तत्काळचा कोटा किती, शनिवार-रविवारचा दर किती, हे नियम प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे आहेत आणि हंगामागणिक बदलतात. जुन्या लेखांवर किंवा मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. दोन गोष्टी मात्र बऱ्याच काळापासून टिकून आहेत : ताडोबा मंगळवारी बंद असतं, आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद राहतं. गणपतीच्या सुट्टीत ताडोब्याचा बेत आखणाऱ्यांनी बफरची फाटकं पाहावीत.

संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचणं ही यातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात आवश्यक गोष्ट. 2023 मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगचं काम पाहणाऱ्या एका खासगी कंपनीच्या चालकांवर सुमारे 12 कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. बुकिंग काही काळ थांबलं आणि त्यानंतर ते सरकारी पत्त्यावर आणलं गेलं. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे का, एवढं तपासायला दहा सेकंद लागतात. नावात ‘ताडोबा’, ‘सफारी’, ‘ऑफिशियल’ असे शब्द असलेली खासगी पानं शोधात वर येतात. त्यातली काही प्रामाणिक दलालांची असतात, काही तशी नसतात; जंगलाचं नाव दोन्हींकडे सारखंच चकाकतं.

तंबूचा विषय निघाला की ठाणेकरांच्या डोळ्यांसमोर येतं ते भंडारदरा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 सालचं. पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेर ते जून, इथे काजव्यांनी झाडं लखलखतात आणि कसारा घाटातून मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. काजव्यांचा प्रकाश हे नर-मादीचं बोलणं असतं. हेडलाइट, टॉर्च आणि मोबाइलच्या फ्लॅशनं ते तुटतं, आणि ज्या गवतात माद्या बसलेल्या असतात तेच पायाखाली येतं. म्हणून वनविभागानं रात्रीच्या प्रवेशावर वेळेचं बंधन घातलं आहे. इथे मुक्काम मिळतो तो बहुधा गावकऱ्यांच्या मालकी जमिनीवरच्या तंबूंमध्ये. अभयारण्याच्या हद्दीत गावं आहेत आणि गावांची शेतं आहेत, त्यामुळे ते शक्य होतं. पण शेजारीच जलाशयाचा काठ जलसंपदा विभागाचा आणि वरचा डोंगर वनविभागाचा असतो. तिथे उभ्या केलेल्या तंबूला शेतकऱ्याची परवानगी पुरत नाही, आणि काठाचं पाणी पावसात एका रात्रीत वर येतं.

पैसे भरण्याआधी तंबूवाल्याला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. जमीन कुणाची? महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का? शौचालय आहे का, आणि त्याचं पाणी कुठे जातं? रात्री संगीत किती वाजता बंद होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून ठिकाणाची सगळी पारख होते.

ही चौकशी फाजील वाटत असेल तर केरळकडे पाहावं. जानेवारी 2021 मध्ये वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ जंगलाला लागून असलेल्या तंबूंमध्ये मुक्कामाला गेलेल्या एका तरुण शिक्षिकेला रात्री हत्तीनं तुडवलं. त्यानंतर प्रशासनानं त्या भागातले तंबू तपासायला घेतले, तेव्हा परवान्यांचे प्रश्न उघड झाले. उत्तराखंडात तर उच्च न्यायालयानंच ऑगस्ट 2018 मध्ये उंचावरच्या कुरणांत, ज्यांना तिकडे बुग्याल म्हणतात, रात्री तंबू टाकायला बंदी केली. रूपकुंडच्या वाटेवर मुक्काम केलेले कितीतरी मराठी ट्रेकर त्या निर्णयानं हळहळले. पण तिथल्या गवतात साचलेला कचरा त्यांनीही पाहिलेला होता.

ज्यांना कौलारू खोली नको, तंबू नको, निखळ रानातली रात्र हवी आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक फार सुंदर परंपरा आहे : बुद्धपौर्णिमेची मचाणावरची रात्र. वैशाखात पाणवठे आटलेले असतात, उरलेल्या थोड्या पाण्यावर प्राण्यांना यावंच लागतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते ओळखू येतात. पूर्वी ही रात्र प्राणीगणनेची असे. आता वाघांची मोजणी दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅपच्या आधारे होते, त्यामुळे मचाणावरच्या नोंदींना अंतिम आकड्याचं वजन राहिलेलं नाही. तरी ती रात्र टिकली आणि अनेक ठिकाणी ‘निसर्गानुभव’ या नावानं ओळखली जाऊ लागली. मेळघाट, ताडोब्याचं बफर, पेंच इथे तिच्यासाठी आधी नावं नोंदवावी लागतात. येऊरच्या जंगलातही वनविभाग या रात्री पाणवठ्यांवर स्वयंसेवक बसवतो. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला या जंगलात रीतसर रात्र काढायची हीच काय ती संधी, आणि ती वर्षातून एकदा येते.

मचाण म्हणजे झाडावर बांधलेली लाकडी बैठक. तिच्यावर दोघं-तिघं, त्यात एक वन कर्मचारी किंवा गावातला जाणकार. संध्याकाळच्या आत वर चढायचं, सकाळ होईपर्यंत उतरायचं नाही. मातकट रंगाचे कपडे, अत्तर-सेंट नाही, मोबाइल बंद, खाणं वास न येणारं. हातात नोंदीचा कागद असतो : वेळ, प्राणी, नर की मादी, पिल्लं किती, कुठल्या दिशेनं आला. पहिला तास-दीड तास काहीच घडत नाही आणि पाय अवघडतात. मग भेकराची भुंकण्यासारखी हाक येते. वन कर्मचारी बोट ओठांवर ठेवतो. पाण्याच्या कडेला काहीतरी हलतं, बऱ्याचदा ते रानडुकरांचं कुटुंब असतं. नशिबानं सांबर, आणि फारच नशिबानं बिबट्या. आठ-दहा तासांत कागदावर पाच-सहा ओळी भरतात. तेवढ्या ओळींसाठी माणसं पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतात. मचाणं मोजकी, त्यामुळे जागाही मोजक्याच. एप्रिलपासून वनपरिक्षेत्र कार्यालयाशी संपर्कात राहणाऱ्याला त्या मिळण्याची शक्यता जास्त.

शेवटी एक विनंती, आणि ती बुकिंग मिळालेल्यांना आहे. बेत मोडला तर आरक्षण रद्द करण्याची मुदत उलटू देऊ नका. पैसे थोडेच परत मिळणार म्हणून कितीतरी जण तसदी घेत नाहीत, आणि भर हंगामात जंगलाच्या काठावरची खोली कुलूपबंद राहते. त्याच रात्रीसाठी एखादं कुटुंब महिनाभर संकेतस्थळ उघडून बसलेलं असतं. मार्गदर्शक, जिप्सीचालक आणि कॅन्टीन चालवणाऱ्या गावातल्या माणसांची त्या दिवसाची कमाईही बुडते. रद्द करण्याच्या अटी पावतीच्या तळाशी छापलेल्या असतात. त्या पैसे भरण्यापूर्वीच वाचून घ्या, आणि जाणं होणार नाही असं कळलं की त्याच दिवशी जागा मोकळी करा.